परदेशात रात्रीचं जेवण घरी कसं जमवायचं: नाशिकच्या बॅगेपासून तिथल्या ताटापर्यंत

ऑगस्ट लागला की गंगापूर रोडला आमच्या आसपासच्या दोन-तीन घरांत तरी हॉलमध्ये बॅगा उघड्या पडलेल्या असतात, कुणाचा मुलगा मास्टर्सला चाललाय, कुणाची सून डिपेंडंट व्हिसावर निघालीये, आणि मग संध्याकाळी एखादी आई माझ्याकडे येते आणि विचारते, काकू, तुमची लेक तिकडे रात्रीला काय करते हो जेवायला? मी दरवेळी तासभर बोलते आणि तरी काहीतरी राहतंच, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

आमची लेक आणि जावई २०१९ पासून जर्मनीत स्टुटगार्टला आहेत. मी तिथे दोनदा जाऊन राहिले, एकदा ऐन हिवाळ्यात आणि एकदा वसंतात, दोन्ही वेळेला जवळजवळ तीन-तीन महिने, आणि रोज संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडेच होता. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते जास्त करून जर्मनीच्या किचनमधलं आहे, पण अमेरिका, दुबई, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांना जिथे वेगळं काही लागतं ते तिथे तिथे सांगितलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तिकडे दुपारचं जेवण म्हणजे कॅन्टीनमधलं सॅलड नाहीतर डब्यातलं गार सँडविच, ते पोट भरायला असतं. आपलं असं जेवण दिवसातून एकदाच होतं आणि ते रात्रीचं. पोरं पहिले दोन महिने ब्रेड, मॅगी, फ्रोझन पिझ्झा यावर काढतात आणि मग एक दिवस फोन येतो की आई, काहीतरी गरम आणि पातळ खावंसं वाटतंय. तो फोन यायच्या आधीच सोय करून ठेवायची असेल तर माझं एकच सांगणं आहे, बॅगेत अख्खं नाशिक कोंबू नका, इथून फक्त मसाला आणि वाळवण न्या, बाकी सगळं तिथल्या दुकानातलं वापरायला शिका. पहिल्या वर्षी आम्ही डाळी, तांदूळ, पोहे, साबुदाणा सगळं भरून दिलं होतं आणि तिथे गेल्यावर कळलं की हे सगळं इंडियन स्टोअरमध्ये मिळतंच, तेवीस किलोतले पंधरा किलो वाया गेले.

पायरी १: बॅग

सगळ्यात महत्त्वाचा काळा मसाला. नाशिककडे तो एप्रिल-मे मध्ये डंकावर कुटून आणायची पद्धत आहेच, तर परदेशी पाठवायचा मसाला वेगळा काढा. धणे, जिरं, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, लवंग, मिरी, मसाला वेलची, दालचिनी, वाळवून तळलेला कांदा, बेडगी आणि लवंगी मिरची, हे नेहमीसारखंच, पण खोबरं निम्मं करा कारण तेच आधी खवट होतं. आणि दुबई, सौदी किंवा सिंगापूरला जाणार असाल तर खसखस अजिबात टाकू नका, तिथे खसखस बंदी असलेल्या मालात येते, चिमूटभर सापडली तरी माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडतो, ही थट्टेची गोष्ट नाही. दोघांना वर्षाला एक किलो मसाला पुरतो. पाव-पाव किलोच्या चार पिशव्या करा, हवा काढून सील करा, तिथे गेल्यावर एक बाहेर ठेवायची आणि तीन फ्रीझरमध्ये.

खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका. सुकं खोबरं विमानाच्या नियमांत धोकादायक मालाच्या यादीत आहे, त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं असं मानतात. तिथे प्रत्येक सुपरमार्केटात केकच्या सामानाच्या रॅकवर खोबऱ्याचा कीस मिळतो, 'कोकोसरास्पेल' असं लिहिलेलं असतं, तो मंद भाजला की वाटणाला उत्तम.

साजूक तूप, पेढे, खवा, कुंदा हे युरोपात न्यायला परवानगी नाही, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत. ताजा कढीपत्ताही सर्टिफिकेटशिवाय चालत नाही. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर खायची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायची, लिहिलेलं असलं आणि ते चालत नसलं तर बहुतेक वेळा नुसतं काढून घेतात, लपवलं तर मात्र मोठा दंड बसतो. लोणचं आणि ओला ठेचा चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत शंभर मिलिलीटरच्या वर ओलं काहीच चालत नाही आणि सिक्युरिटीवाले लोणच्याला ओलंच धरतात.

आता वाळवण. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोकांना पापड-कुरडया म्हणजे तळून तोंडी लावायची गोष्ट वाटते, पण परदेशात थकून आल्यावर दहा मिनिटांत होणारी खरी भाजी याच डब्यात असते. गव्हाच्या कुरडया, मुगाचे सांडगे, उडदाचे पापड आणि नागलीचे म्हणजे नाचणीचे पापड, एवढं न्या. नागली आपल्याकडे त्र्यंबक, पेठ, सुरगाणा भागातली, तिचे पापड मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभरात फुलतात आणि तळायची गरज पडत नाही, बंद किचनमध्ये तळणाचा वास दोन दिवस जात नाही म्हणून हे फार सोयीचं. कुरडया मात्र हातात मोडतात, त्या प्लास्टिकच्या पिशवीत दिल्या तर पोचेपर्यंत भुगा होतो. मी त्या स्टीलच्या उभ्या डब्यात थर लावून मध्ये जुन्या सुती साडीच्या घड्या घालून देते, डबाही तिथे कामाला येतो.

याशिवाय हिंग, आमसूल, सुकी बोरं कुणाला आवडत असतील तर, आणि एक मिसळणाचा डबा. बस.

पायरी २: भांडी आणि शेगडी

निघायच्या आधी घर भाड्याने घेतलेलं असेल तर एवढं विचारा की शेगडी कोणती आहे, इंडक्शन की काचेची साधी इलेक्ट्रिक. आपला नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. भांडी बाजारात जाताना खिशात फ्रीजचा मॅग्नेट घेऊन जा, बुडाला घट्ट चिकटला तर ते भांडं चालेल, नाही चिकटलं तर कितीही भारी असलं तरी परत ठेवा. तीन लिटरचा इंडक्शन बेसचा स्टीलचा कुकर, सपाट बुडाची कढई आणि सपाट लोखंडी तवा, एवढं इथून घ्या. खोलगट तवा आणि गोल बुडाची कढई न्यायची नाही, काचेच्या शेगडीवर ती डुगडुगते आणि मधलाच ठिपका तापतो.

मिक्सर युरोप, इंग्लंड, दुबईला आपला चालतो, फक्त पिन बदलावी लागते. अमेरिका आणि कॅनडात मात्र वीज १२० व्होल्टची आहे, आपला २३० चा मिक्सर तिथे फिरतच नाही नीट, तिकडच्यांनी तिथेच घ्यावा, इंडियन स्टोअरमध्ये ११० व्होल्टचे मिळतात.

काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीची एक खोड समजून घ्या. ती तापायला वेळ घेते आणि बटन बंद केलं तरी पाच-सात मिनिटं तापलेलीच राहते. आपण गॅसवर फोडणी झाली की गॅस बंद करतो आणि काम झालं, तिथे बंद करून उपयोग नाही, कढई उचलून बाजूच्या गार जागेवर ठेवायची, नाहीतर लसूण डोळ्यासमोर काळा होतो. याचाच फायदा भाताला घ्या, भात पूर्ण होण्याच्या पाच मिनिटं आधी शेगडी बंद करा, उरलेल्या उष्णतेत तो मुरतो. इंडक्शनचं उलट आहे, ती लगेच तापते, त्यामुळे फोडणीला ९ वर न ठेवता ५-६ वरच ठेवा.

आणि धुराचा अलार्म. माझ्या पहिल्या हिवाळ्यात तिसऱ्याच दिवशी मी ठेच्यासाठी मिरच्या कोरड्या तव्यावर भाजल्या, खिडकी थंडीमुळे बंद, आणि छतावरचा अलार्म असा काही ओरडायला लागला की खालच्या मजल्यावरच्या आजी गाऊनवर जिना चढून वर आल्या. त्या रागावल्या नाहीत, काळजीने आल्या होत्या, पण माझे हातपाय कापत होते. तेव्हापासून नियम केला: मिरची भाजायची नाही, थोड्या तेलात झाकण ठेवून परतायची, वरची चिमणी आधी चालू करायची, खिडकी आधी उघडायची, बेडरूमचं दार बंद आणि जाडे कोट कपाटाच्या आत. कोटाला लागलेला फोडणीचा वास ऑफिसपर्यंत जातो आणि तो लोकरीचा कोट रोज धुता येत नाही. अलार्म काढून ठेवायचा किंवा त्यावर पिशवी बांधायची असले प्रकार करू नका, तो जीव वाचवायला लावलेला असतो.

पायरी ३: तिथल्या दुकानात काय उचलायचं

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, जवळजवळ सगळी, त्यामुळे किराणा शनिवारी दुपारपर्यंत झालाच पाहिजे. लेकीचं ठरलेलं आहे, महिन्यातून एकदा इंडियन स्टोअर, दर शनिवारी टर्किश दुकान आणि सुपरमार्केट.

इंडियन स्टोअरमधून तूरडाळ, कणीक, ज्वारीचं पीठ, मटकी, शेव-फरसाण आणि फ्रोझन भेंडी-मेथी. कणकेच्या बाबतीत चिकटपणा करू नका, सुपरमार्केटातल्या साध्या गव्हाच्या पिठाची पोळी करून पाहिली आम्ही, पाणी कमी पितं, लाटताना मागे आकसतं आणि गार झाल्यावर वातड होतं. आपली कणीक दगडी जात्यावर दळलेली असते म्हणून ती जास्त पाणी धरते आणि पोळी मऊ राहते.

टर्किश दुकान हे आपल्या माणसाचं खरं माहेर. तिथे कोथिंबीर, पुदिना, वांगी, हिरव्या मिरच्या, काबुली चणे, शेंगदाणे आणि लाल मसूरडाळ सगळं स्वस्त. दोन गोष्टी सांभाळा. सपाट पानांची पार्सली आणि कोथिंबीर लांबून अगदी सारख्या दिसतात, जुडी हातात घेऊन एक पान चुरगाळून वास घ्या. आणि तिथल्या लांब हिरव्या मिरच्या दिसायला झणझणीत पण असतात मिळमिळीत, तिखट पाहिजे तर आशियाई दुकानातल्या बोटाएवढ्या छोट्या मिरच्या घ्यायच्या, एकदम अर्धा किलो आणून देठ काढून फ्रीझरमध्ये टाकायच्या.

सुपरमार्केटातली एक चूक आमच्या घरात झालेली आहे म्हणून कळकळीने सांगते. जर्मनीत 'क्युमेल' म्हणजे जिरं नाही. दिसायला तसंच, पण ती शहाजिऱ्यासारखी दिसणारी वेगळीच बी आहे, कोबी आणि ब्रेडमध्ये घालतात, वास एकदम उग्र. जिऱ्याला 'क्रॉइत्सक्युमेल' म्हणतात. लेकीने पहिल्या आठवड्यात क्युमेल आणून वरणाला फोडणी दिली आणि अख्खं वरण टाकून द्यावं लागलं, परक्या गावात पहिल्या आठवड्यात वरण टाकून देताना ती फोनवर रडली होती. तसंच खायचा सोडा म्हणजे 'नाट्रोन', बेकिंग पावडर वेगळी. उपमा-शिऱ्याला रवा घेताना 'वाइशवायत्सेन' असं लिहिलेला घ्या, तो मऊ गव्हाचा, दुसरा पास्त्याच्या गव्हाचा असतो तो दाताला कचकचतो.

तूप घरी करा, ते सोपं आहे. २५० ग्रॅमचं बिनमिठाचं बटर मंद आचेवर कढवलं की २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. पाकिटावर 'झाउअरराम' असं लिहिलेलं बटर निवडा, ते विरजण लावलेल्या सायीचं असतं, आणि आपणही साय विरजूनच लोणी काढतो ना, म्हणून वास घरच्या तुपाच्या जवळ जातो. पहिल्यांदा ते कढवलं तेव्हा जावई खोलीतून उठून किचनमध्ये आले होते.

भाताचं म्हणाल तर बासमती रोज वरणाबरोबर मजा देत नाही, फार मोकळा होतो. घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी खाऊन वाढलेल्या माणसाला मऊ, थोडा चिकट भात लागतो. त्यासाठी तिथला खिरीचा तांदूळ, 'मिल्शराइस', एक वाटीला अडीच वाट्या पाणी घालून कुकरला लावा, सुगंध येणार नाही पण कालवता येईल असा भात होतो.

पायरी ४: शनिवार-रविवारची दोन तासांची तयारी

रोज अर्ध्या तासात ताट वाढायचं असेल तर हे चुकवून चालत नाही. मिक्सरचं काम शनिवारी दुपारी उरका, जर्मनीत रविवार शांततेचा वार असतो आणि रात्री दहानंतर तर आवाज करायचाच नाही.

अर्धा किलो शेंगदाणे ओव्हनच्या ट्रेवर पसरून १७० डिग्रीला पंधरा मिनिटं, मध्ये एकदा हलवून. गार झाल्यावर सालं चोळून काढा, कूट करा आणि बरणीत भरून फ्रीजमध्ये. कांदा-खोबऱ्याचं वाटण, म्हणजे चार कांदे उभे चिरून तेलात खरपूस परतायचे, त्यात भाजलेला खोबऱ्याचा कीस, आलं, लसूण, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं कमी पाण्यात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठल्यावर वड्या काढून पिशवीत. दोन वड्या म्हणजे दोघांची एक रस्साभाजी. लसूण सोलायला रोज वेळ जातो, तो आठवड्याचा एकदम सोलून तेलात न बुडवता कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा.

तूरडाळ दोन वाट्या हिंग-हळद घालून कुकरला शिजवा, निम्मी फ्रीजमध्ये, निम्मी फ्रीझरमध्ये. फोडणी द्यायची नाही, साधीच ठेवायची, म्हणजे तिचं सोमवारी वरण होतं आणि गुरुवारी आमटी. बटाटा घातलेलं काही गोठवू नका, बटाटा नंतर पिठूळ आणि पाणचट लागतो.

मटकीला मोड आणायला थंड घरात दोन-दोन दिवस लागतात. भिजवून, निथळून, फडक्यात बांधून ओव्हनमध्ये ठेवा आणि ओव्हन चालू न करता फक्त आतला दिवा लावा, त्या उबेत दुसऱ्या दिवशी मोड येतात. दही पण असंच लागतं. फक्त ओव्हनच्या दारावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर कुणीतरी पिझ्झा लावायला बटन फिरवतं.

पायरी ५: आठवड्याच्या रात्री

लेकीकडे सहाला दोघं घरी येतात, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा, त्यावेळी मी फोनवर असतेच. हिवाळ्यात तिथे साडेचारलाच अंधार पडतो आणि माणसाला सहाला सुद्धा मध्यरात्र झाल्यासारखं वाटतं, त्यात काही करायचा उत्साह नसतो, म्हणून सोमवार-मंगळवारचे पदार्थ सगळ्यात सोपे ठेवा.

सोमवारी वरणभात, तूप, लिंबू, मिरची, भाजलेला पापड. याला काही शिकवायला नको.

एक दिवस पिठलं. दोघांना अर्धी वाटी बेसन पाऊण वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवून बाजूला ठेवा. कढईत दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेल्या सात-आठ लसणाच्या पाकळ्या, मिरची, एक बारीक चिरलेला कांदा. कांदा गुलाबी झाला की हळद आणि सव्वा वाटी पाणी. पाण्याला उकळी फुटू द्या, मगच कालवलेलं बेसन एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने हलवत राहा, मीठ, झाकण, मंद आचेवर पाच मिनिटं. इंडियन स्टोअरचं बेसन संपलं आणि सुपरमार्केटातलं आणलं तर ते काबुली चण्याचं असतं, त्याला कच्चा वास जायला अजून तीन-चार मिनिटं द्यावी लागतात. वरून कोथिंबीर. भाकरी नसेल तर गरम भाताबरोबर, लेकीचा सगळ्यात जास्त वेळा होणारा पदार्थ हाच.

मसुराची आमटी कुकरशिवाय होते म्हणून ज्यांच्याकडे अजून कुकर नाही त्या होस्टेलच्या मुलांनी हीच शिकावी. लाल मसूरडाळ एक वाटी, तीन वाट्या पाणी, वर येणारा फेस काढून टाकायचा, पंधरा मिनिटांत मऊ. वेगळ्या छोट्या भांड्यात तेल, मोहरी, जिरं, लसूण, आणि तेल थोडं निवल्यावर एक चमचा काळा मसाला, कारण कडकडीत तेलात मसाला टाकला तर तो करपून कडू होतो आणि धूर पण होतो. फोडणी डाळीत ओतायची, दोन आमसुलं, गुळाचा खडा नाहीतर ब्राऊन शुगर, पाच मिनिटं उकळू द्यायची.

आणि कुरडईची भाजी. ज्या दिवशी फ्रीजमध्ये काहीच नाही, दुकान बंद, बाहेर बर्फ, त्या दिवशीची ही भाजी आहे. दोघांना चार-पाच कुरडया मोडून गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजत घाला. बोटाने दाबल्यावर शेवयांसारख्या मऊ पण अजून आकार धरून आहेत असं वाटलं की लगेच चाळणीत ओता, जास्त भिजल्या तर लगदा होतो. कढईत नेहमीपेक्षा एक चमचा जास्त तेल, मोहरी, जिरं, भरपूर लसूण, दोन कांदे, तिखट, अर्धा चमचा काळा मसाला. त्यात कुरडया टाकून हलक्या हाताने वरखाली करा, दोन चमचे दाण्याचं कूट, झाकण ठेवून पाच मिनिटं. मीठ आधी घालू नका, कुरडईत मीठ असतंच, चाखून मग ठरवा. मी तिथे असताना एकदा लेकीची तैवानची मैत्रीण जेवायला थांबली होती, तिला हे नूडल्स वाटले आणि ती दोनदा मागून जेवली, मी तिला गच्चीवर चादर अंथरून कुरडया कशा घालतात याचे फोटो दाखवले.

मुगाच्या सांडग्यांचं पण असंच, आधी थोड्या तेलात लालसर परतून घ्यायचे, मग वाटणाच्या दोन वड्या, पाणी, काळा मसाला, पंधरा मिनिटं. शेवभाजीला तर वाटणाचा झणझणीत रस्सा तयार असला की झालं, शेव ताटात वाढताना वरून टाकायची.

शनिवारी रात्री मिसळ. आपल्याकडे ती रविवारी सकाळची, पण तिथे सकाळी सगळे झोपलेले असतात म्हणून ती शनिवारच्या रात्रीवर गेली, चार मित्र जमतात, मटकी मोडाची तयार असते, कट मी सांगते तसाच, तेलात काळा मसाला आणि वाटण तेल सुटेपर्यंत परतून मग उकळतं पाणी. नाशिकच्या पद्धतीने बाजूला पापड आणि दही पाहिजेच. पाव शोधताना दुधाचे छोटे बन घेऊ नका, ते गोड असतात, साधे पांढरे गोल ब्रेड घ्या आणि ओव्हनमध्ये तीन मिनिटं गरम करा.

भात उरला तर तासाभराच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीचा भात करायची आपली सवय सोडा, अशा बाहेर राहिलेल्या भाताने पोट बिघडतं.

पायरी ६: भाकरी

पोळी बहुतेकांना जमते, भाकरी तुटते. कारण दुकानातलं ज्वारीचं पीठ महिनोन्‌महिने जुनं असतं आणि जुन्या पिठाची विरी गेलेली असते, म्हणजे ते चिकटपणा धरत नाही. उपाय उकडीचा. एक वाटी पाण्याला खळखळून उकळी आणा, चिमूटभर मीठ, त्यात एक वाटी पीठ टाकून चमच्याने ढवळा, झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जा. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या खालच्या भागाने घासून घासून मळा, कमीत कमी पाच मिनिटं, कडा फाटायच्या थांबेपर्यंत. थापता येत नसेल तर पीठ भुरभुरून लाटा, काही बिघडत नाही. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटा, दुसरी बाजू पूर्ण भाजू द्या, मग पुन्हा उलटून स्वच्छ कापडाने कडेकडेने दाबा. उघड्या आचेशिवाय सुद्धा फुगते. लेकीला हे जमायला चार रविवार लागले, चौथ्या रविवारी फुगली तेव्हा तिने फोन तव्याच्या इतका जवळ धरला की स्क्रीनवर वाफच वाफ.

पायरी ७: तिथलंही ताटात घ्या

नवलकोल, मुळा, लाल भोपळा, कोबी हे तिकडे ताजं आणि स्वस्त मिळतं, त्यात नवलकोल तर जर्मन लोकांची रोजची भाजी, 'कोलराबी' म्हणतात, तो आपल्याकडे हल्ली मुलं खातही नाहीत, तिथला कोवळा नवलकोल हरभरा डाळ घालून करून बघा. होकाइडो नावाचा छोटा केशरी भोपळा येतो शरद ऋतूत, त्याची सालही खातात, सोलायचं काम नाही, दाण्याचं कूट घालून त्याचं भरीत फार छान होतं. वसंतात लसणाच्या वासाची रुंद पानं मिळतात, 'बेअरलाउख', त्याची दाणे-मिरची घालून चटणी वाटा, पण ती दुकानातूनच घ्या, जंगलातून तोडू नका, तशीच दिसणारी विषारी पानं तिथे उगवतात.

जर्मन माणसं रात्री बऱ्याचदा गारच जेवतात, ब्रेड, चीज, काकडी, 'आबेंडब्रोट' म्हणजे संध्याकाळची भाकरीच की. आठवड्यातून एक रात्र तसं जेवायला हरकत नाही, बरोबर गरम टोमॅटोचं सार केलं की पोट समाधानी राहतं. आणि स्टुटगार्टच्या भागातला एक पदार्थ तर मला अगदी आपला वाटला, मसूर शिजवून त्याबरोबर अंड्याच्या पिठाचे मऊ तुकडे, 'लिन्सन मिट श्पेट्झले'. बाजूला सॉसेज देतात, आम्ही त्याशिवाय मागवलं. पहिला घास घेतल्यावर लेक म्हणाली, आई, ही तर वरणफळं. खरंच तशीच, फक्त ते लोक चिंचेच्या जागी व्हिनेगर घालतात. आता ती घरी सुपरमार्केटातले तयार श्पेट्झले आणते आणि काळ्या मसाल्याच्या आमटीत पाच मिनिटं उकळते, वर तूप. लाटायचे-कापायचे कष्ट वाचतात.

पुढचा माल

वर्षभराने कुणीतरी नाशिकहून जाणारं असतंच, त्याच्या बॅगेत दोन किलोची जागा मागून घ्या. काय संपलं हे ऐनवेळी आठवत नाही, म्हणून लेकीच्या फ्रीजवर कागद लावलेला आहे, संपलं की लिहायचं. परवा तिने त्या कागदाचा फोटो पाठवला. काळा मसाला अजून एक पिशवी शिल्लक, आमसूल आहे, हिंग आहे. कुरडया मात्र मार्चमध्येच संपल्यात, आणि त्यापुढे तिने कंसात लिहिलंय, दुप्पट.